तडीपार कुणाच्या दारी

निवडणूक किंवा गणपती तोंडावर आले की वर्तमानपत्रात तडीपारीच्या याद्या येतात. अमुक उपनगरातून इतके हद्दपार, अमुक शहरातून तितके. तिथल्या लोकांना हायसं वाटतं आणि बातमी तिथेच संपते. तो माणूस त्या रात्री कुठे पाठ टेकतो, हे मात्र कुणी छापत नाही. मला ते ठाऊक आहे, कारण मी पोलादपूर तालुक्यातल्या एका गावाची पोलीस पाटील होते आणि असे लोक आमच्याकडे येत.

आमचं गाव उमरठकडे जाणाऱ्या रस्त्यालगत. वरची वाडी, मधली वाडी, खालची वाडी. निम्म्याहून जास्त घरांना कुलूप. कर्ती माणसं मुंबईत, गणपती-शिमग्याला येणार. खालची वाडी ओढ्याच्या अंगाला, जमीन नावाला, पावसात भिंतींना ओल. तिथे राहतात त्या बहुतेक म्हाताऱ्या बाया. माझ्या काळात गावात तडीपारीचा कागद घेऊन जो कुणी आला, तो याच वाडीत उतरला.

यातला पहिला मुलगा मुंबईच्या पूर्व उपनगरातला. २०२१ च्या उन्हाळ्यात, करोनाचे दिवस होते तेव्हा, एसटीतून उतरला. पाठीला एक सॅक, हातात दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला कागद. त्याची आजी त्याला घेऊन माझ्या पडवीत आली. म्हणाली, "बाय, ह्यो माझा नातू. कागदात काय लिवलंय ते वाच. माज्या घरात ऱ्हायला चालंल ना?" मी वाचला. मुंबई शहर, मुंबई उपनगर आणि ठाणे जिल्हा, दोन वर्षं. रायगडचं नाव नव्हतं, म्हणून तो आमच्याकडे राहू शकत होता. मुलगा मान खाली घालून उभा होता. पायात चप्पल दोन वेगवेगळ्या जोडांतली.

तडीपारी ही खटला चालून झालेली शिक्षा नव्हे. १९५१ च्या पोलीस कायद्याच्या ५६ व्या कलमाखाली, माणसाच्या वागण्याने लोकांना दहशत वाटते आणि भीतीपोटी साक्षीदार उघड बोलायला तयार नाहीत, असं अधिकाऱ्याचं मत झालं की त्याला हद्दीबाहेर काढता येतं. जास्तीत जास्त दोन वर्षं. जिथे राहील तिथल्या जवळच्या पोलीस ठाण्यात महिन्याला आपला पत्ता कळवायचा, असंही त्या हुकमात घालता येतं. मी कायद्याच्या विरोधात नाही. ज्या गल्लीत एखाद्याच्या भीतीने बायका संध्याकाळनंतर बाहेर पडत नाहीत, त्या गल्लीला थोडा मोकळा श्वास मिळायलाच हवा. पण त्या कागदावर माणूस कुठून जाईल एवढंच लिहिलेलं असतं. कुठे जाईल, काय खाईल, कुणाच्या जबाबदारीवर राहील, याची एक ओळ नसते. मग ती जबाबदारी आपोआप अशा घरावर येते, ज्याला नाही म्हणता येत नाही.

त्यात पोलादपूर तालुका तीन जिल्ह्यांच्या तिठ्यावर. कशेडी घाट चढून उतरलं की खेड, म्हणजे रत्नागिरी जिल्हा. आंबेनळी घाटाने वर गेलं की महाबळेश्वर, सातारा जिल्हा. रत्नागिरीतून काढलेला माणूस घाट ओलांडून आमच्याकडे येतो, आमच्या जिल्ह्यातून काढलेला पलीकडे जातो. घाटाच्या दोन्ही बाजूंना अशाच वाड्या. खेडकडचा एक जण मावशीकडे आला होता, तीही खालच्याच वाडीत. पोलादपूरच्या बाजारपेठेत खोली बघायला गेला, तर मालकाने आधी अनामत आणि मग ओळखीचा माणूस मागितला. बिरवाडीकडे महाड एमआयडीसीच्या आसपास कामगारांच्या खोल्या आहेत, तिथे एकेका खोलीत पाच-सहा जण राहतात आणि फार चौकशी होत नाही. थोडक्यात काय, जिथे भाडं कमी आणि बोलणारं कुणी नाही, तिथेच हे सगळे गोळा होतात.

त्या मुंबईच्या मुलाला काम हवं होतं. कारखान्यात ठेकेदाराने पोलिसांकडचा चारित्र्याचा दाखला मागितला. रोजगार हमीचं जॉब कार्ड काढावं म्हटलं, तर रेशनकार्डावर नाव मुंबईत. आजीच्या कुटुंबात तो कागदोपत्री नव्हताच. महिन्याच्या हजेरीला जायचं तर एसटीचं भाडं आणि एक दिवस मोडायचा. आजीच्या निराधार योजनेच्या पैशांत दोन माणसं जगत होती. मी ग्रामसेवकांकडे गेले, तालुक्याला गेले. सगळे चांगलं बोलले, पण अशा माणसासाठी रकाना कुठल्याच अर्जात नव्हता.

मग जुलैचा तो पाऊस झाला. २२ तारखेला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली, ऐंशीहून अधिक माणसं गेली. आमच्या तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही डोंगर आला. सावित्री आणि गांधारीचं पाणी महाड बाजारात घुसलं आणि उतरलं तेव्हा दुकानांत मांडीभर चिखल होता. मुलगा आमच्या वाडीतल्या चौघांबरोबर चिखल काढायला गेला. फावडं मारता येतं एवढंच बघून लोक कामाला घेत होते. त्या कमाईतून त्याने आजीच्या घरावर पत्रा घातला. पुढे तिथल्याच एका दुकानदाराने त्याला हमालीला ठेवून घेतलं. माझ्या माहितीत त्या मुलाला घराबाहेरून मिळालेला हा एकच आधार, आणि तो देणाऱ्याचं स्वतःचं दुकान पुरात बुडालेलं होतं.

गावकीत मात्र कुरबूर सुरूच होती. मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाचा फोन आला, "गावाचं नाव खराब होतंय, त्याला काढा." मी म्हटलं, त्याचा बाप तुमच्याच मंडळाचा सभासद आहे, तुम्ही तिकडे त्याच्याशी बोललात का? उत्तर आलं नाही. हिवाळ्यात देवळाची दानपेटी फुटली, तेव्हा बैठकीत कुणी काही विचारण्याआधीच बोट खालच्या वाडीकडे गेलं आणि दुसरं बोट कातकरी आदिवासींच्या वाडीकडे. कातकऱ्यांचं ऐकून मला जास्त लागलं. इंग्रजांनी गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली त्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवलं होतं. तो कायदा १९५२ साली गेला. तरीही पेटी फुटली की पहिलं नाव त्यांचं. दोन्ही वाड्यांतल्या मुलांना चौकशीला बोलावलं गेलं, काही निघालं नाही. त्या दिवसांत खालच्या वाडीतल्या एका मुलीला बघायला येणारे पाहुणे आलेच नाहीत. ज्या मुलीचा या सगळ्याशी काडीचा संबंध नाही, तिने हे सोसलं.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये जालन्याच्या एका प्रकरणात सांगितलं की तडीपारी हा अपवादाने वापरायचा उपाय आहे. माणूस स्वतःच्या घराला, कुटुंबाला आणि कदाचित पोटापाण्यालाही मुकतो, म्हणून हुकमाला ठोस आधार हवा आणि पूर्ण दोन वर्षं लावायची तर कारण हवं. वाचून बरं वाटलं. पण ज्या वाडीत तो जातो, तिचं म्हणणं ऐकायची सोय अजून कुठेच नाही.

माणसाबरोबर त्याच्या राहण्याची आणि कामाचीही सोय करावी, हे आपल्याकडे कधी कुणाला सुचलंच नाही असं नाही. औंधच्या राजांनी १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. कैद्यांना कसायला जमीन दिली, बायकामुलांसह राहू दिलं. व्ही. शांतारामांचा 'दो आँखें बारह हाथ' त्यावरूनच सुचला. तिथे माणसाबरोबर जमीन होती, काम होतं आणि रोज विचारपूस करणारा अधिकारी होता. आमच्याकडे माणूस आला तो एकटा कागद घेऊन.

तालुक्याच्या एका बैठकीत मी हे मांडलं. माणूस पाठवता तर गावाला आधी कळवा, तेवढ्या काळापुरतं जॉब कार्ड द्या, परिवीक्षा अधिकाऱ्याला महिन्यातून एकदा घरी पाठवा, म्हणजे हजेरीचा खेटा त्या पोराने एकट्याने घालायला नको. साहेबांनी टिपून घेतलं. त्यानंतर मी वयाप्रमाणे निवृत्त झाले.

तो मुलगा मुदत संपल्यावर मुंबईला परतला. टेम्पो चालवतो, आजीला पैसे पाठवतो. आमच्या गावाचं पद रिकामं आहे, शेजारच्या गावच्या पाटलांकडे जादा भार आहे. गेल्या शिमग्यानंतर ते माझ्याकडे आले होते. नवा कागद आलाय, हा दुसरा मुलगाही खालच्या वाडीतच उतरलाय. मी त्यांना म्हटलं, पहिल्याच आठवड्यात तो ज्या घरी उतरलाय तिथल्या रेशनकार्डात त्याचं नाव घालायचा अर्ज करा, मागच्या वेळी त्यावाचूनच जॉब कार्ड अडलं होतं. आणि महाडच्या त्या दुकानदाराचा नंबर त्यांना लिहून दिला.