आमचा घाट, त्यांचे गाव

दिवाळी अंक म्हटला की त्यात प्रवासवर्णन हे हवेच. कुणी लंडनचे धुके पाहून आलेला असतो, तर कुणी टोकियोच्या गर्दीत हरवून सापडलेला असतो. माझ्या वाट्याला लंडनही आले नाही आणि टोकियोही नाही. पण परमुलुखातले एक गजबजलेले गाव मीही पाहिले आहे, आणि तेही एस. टी.च्या तिकिटात! हे गाव वाईजवळच्या मेणवलीत, नाना फडणवीसांच्या वाड्याखाली, कृष्णेच्या घाटावर वसते. आणि सिनेमावाल्यांचे काम संपले की उठते.

मेणवली माझे आजोळ. एकदा सुटीत गेलो, तर घाटाचा रस्ता ओळखू येईना. दुकानांवर हिंदी पाट्या, पानाच्या ठेल्यावर पाने सोडून सारे काही, जमिनीवर केबलींचे भेंडोळे, आणि गर्दी तर अशी की मुंबईने लाजावे! "सायलेन्स!" अशी आरोळी उठली की माणसे चिडीचूप होत, कावळे तेवढे ऐकत नसत. एका पोरसवद्या साहाय्यकाने मला अदबीने बाजूला घेतले आणि विचारले, "आप बाहर से आए हैं?" आजोबांच्या घाटावर मी परदेशी ठरलो!

2003 च्या 'गंगाजल'मध्ये वाई बिहारमधले तेजपूर झाली. 2010 च्या 'दबंग'मध्ये ती लालगंज झाली. 2004 च्या 'स्वदेस'चे चित्रण अमेरिकेत नासाच्या केंद्रातही झाले आणि मेणवलीतही. पडद्यावर नासा नासाच राहिली; मेणवलीचे मात्र चरणपूर झाले. याचा मला राग येई. आपल्या गावाने रूप द्यायचे आणि नाव दुसऱ्याचे व्हायचे, हा कुठला न्याय?

पण मी राहतो सांगलीत. इथेच 5 नोव्हेंबर 1843 रोजी विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगवले. म्हणजे त्या रात्री सांगलीत चक्क जनकाची मिथिला अवतरली! त्या मिथिलेचा बराचसा मुलूख आज बिहारमध्येच येतो. तिकडून कुणी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. आणि मेणवलीच्या घाटावरची ती थोरली घंटा तरी कुठली? 1739 साली चिमाजीअप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधून आलेली. आज तिच्यावाचून मेणवली मेणवली वाटत नाही.

तरीही माझी आढी पुरती गेली नव्हती. परवा टीव्हीवर 'स्वदेस' लागला. लग्न होऊन आई सांगलीला आली, त्याला आता पन्नास वर्षे होत आली. गुडघ्यांमुळे अलीकडे तिचे माहेरी जाणे होत नाही. कथानकाकडे तिचे लक्षच नव्हते. घाट दिसला, तशी ती पुढे सरकून बसली.

"त्या तिसऱ्या पायरीवरून मी उडी मारायची," ती म्हणाली.

"पण आई, ते याला चरणपूर म्हणतात!" मी म्हणालो.

"म्हणेनात का," पडद्यावरची नजर न हलवता ती म्हणाली, "मला पाहायला मिळाला ना?"