शेवटचा काळा चेंडू

स्नूकरमधील अवघड फटका चुकला की खेळाडूचे मन डळमळले असा निष्कर्ष प्रेक्षक तत्काळ काढतात, आणि त्यात काही तथ्य असले तरी टेबलावरील भूमिती ध्यानात घेतल्याशिवाय तो निष्कर्ष न्याय्य ठरत नाही. ज्या फटक्यात पांढरा चेंडू, म्हणजे क्यूने मारायचा चेंडू, समोरच्या चेंडूच्या केवळ कडेला लागून त्याला मोठ्या कोनात वळवतो, त्यास पातळ कट म्हणतात. स्नूकरच्या चेंडूचा व्यास 52.5 मिलिमीटर असतो. सरळ रेषेतील फटक्यात धडकेच्या क्षणी पांढरा चेंडू 1 मिलिमीटर बाजूला सरकला, तर समोरचा चेंडू सुमारे 1 अंशाने भरकटतो, पण 75 अंशांच्या कटात तेवढ्याच चुकीने तो 4 अंशांहून अधिक भरकटतो आणि 60 सेंटिमीटर पुढे जाईपर्यंत नियोजित वाटेपासून 4 सेंटिमीटरहून जास्त दूर गेलेला असतो. दडपण येते ते नेमके या 1 मिलिमीटरवर: मूठ किंचित आवळली जाते, डोके फटका पूर्ण होण्याआधीच उचलले जाते, किंवा टेबलावर वाकल्यानंतर, क्यू मागे घेतलेला असताना, आधी पक्का केलेला नेम पुन्हा तपासावासा वाटतो. या तिन्हींपैकी शेवटची गोष्ट सर्वांत घातक मानावी लागेल, कारण नेम उभे राहून ठरवायचा आणि वाकल्यावर केवळ अमलात आणायचा, ही या खेळातील शिस्त तीच मोडते.

या खेळातील दडपणाचे आणखी एक अंग आहे, ज्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. प्रतिस्पर्धी टेबलावर असताना दुसरा खेळाडू खुर्चीत बसून राहतो. त्याला काहीही अडवता येत नाही, हालचालींतून मनावरील ताण हलका करता येत नाही, आणि दीर्घ प्रतीक्षेनंतर बोलावणे येते ते बहुधा अवघड फटक्यासाठीच. टेनिसपटूला पुढचा चेंडू परतवण्याची तरी सोय असते. स्नूकरपटूला केवळ पाहत राहावे लागते.

शेफील्डच्या क्रूसिबल नाट्यगृहात 1985 साली झालेला जागतिक अजिंक्यपदाचा अंतिम सामना या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. स्टीव्ह डेव्हिसने आरंभी डेनिस टेलरवर 8-0 अशी आघाडी घेतली होती, तरी सामना 17-17 अशा बरोबरीत येऊन 35व्या फ्रेमपर्यंत, म्हणजे शेवटच्या डावापर्यंत लांबला. त्या एका फ्रेमला 68 मिनिटे लागली. डेव्हिस 62-44 असा पुढे असताना टेबलावर तपकिरी, निळा, गुलाबी व काळा एवढेच चेंडू उरले होते, त्यांचे गुण अनुक्रमे 4, 5, 6 आणि 7. टेलरला चारही चेंडू पॉकेटात घालणे भाग होते. त्याने पहिले तीन घातल्यावर सगळा निर्णय काळ्यावर येऊन ठेपला. दोघांचे काही प्रयत्न हुकल्यानंतर डेव्हिसच्या वाट्याला पातळ कट आला, आणि त्याने तो आवश्यकतेपेक्षाही पातळ मारला, त्यामुळे काळा पॉकेटाजवळून निसटला. टेलरने पुढच्या फटक्याला तो पॉकेटात घातला. संपूर्ण अंतिम सामन्यात टेलर आघाडीवर आला तो केवळ त्या एका चेंडूने, आणि ब्रिटनमध्ये मध्यरात्र उलटून गेली असतानाही सुमारे 1 कोटी 85 लाख लोक दूरदर्शनवर तो क्षण पाहत होते.

हुकलेल्या त्या फटक्याचे मोजमाप करताना हेही नोंदवावे लागते की, अवघ्या काही मिलिमीटरच्या फरकावर निर्णय फिरला. त्यावरून डेव्हिसच्या मनोधैर्याविषयी निकाल देणे घाईचे आहे. कारण तोच खेळाडू 1987, 1988 आणि 1989 अशी लागोपाठ तीन वर्षे त्याच क्रूसिबलमध्ये जगज्जेता ठरला.