पडद्यावरचा काळोख

वस्तू विकत घ्यायला निघालेला माणूस आधी आकडा विचारतो. म्हैस किती लिटर देते, विहिरीवरची मोटर किती हॉर्सपॉवरची, आणि शेजारच्यांचा मुलगा किती टक्क्यांचा! आकडा कळला की वस्तू कळल्यासारखी वाटते; आणि दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले की त्यांतला मोठा तो चांगला, हे सांगायला पहिलीतल्या पोराचे गणितही पुरते. गेल्या वर्षी आमच्या घरी सिनेमाचा प्रोजेक्टर घ्यायचे ठरले, तेव्हा पुण्याला नोकरीला असलेला माझा दादा असाच एक आकडा घेऊन घरी आला होता. तो आकडा म्हणजे ‘फोर-के’.

प्रोजेक्टर घ्यायचा होता अण्णांसाठी. अण्णा म्हणजे माझे वडील. १९८५ पासून २०१३ पर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षे, ते आमच्या तालुक्याच्या गावातल्या टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. २०१० नंतरच्या तीन-चार वर्षांत आपल्याकडच्या टॉकीजमधून फिल्मची रिळे गेली. आमच्या टॉकीजने त्यांच्याबरोबर जायचे ठरवले आणि अण्णा घरी बसले. ऑपरेटरचे काम काय असते हे आजच्या विद्यार्थिमित्रांना सांगायला हवे. केबिनमध्ये दोन मशिने असत. दोन हजार फुटांचे एक रीळ सुमारे बावीस मिनिटे चाले. ते संपत आले की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका दिसे. तो दिसताच दुसऱ्या मशिनची मोटर सुरू करायची, आणि सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका दिसताच चित्र या मशिनवरून त्या मशिनवर न्यायचे. खाली बसलेल्या पाच-सहाशे लोकांना काही कळता कामा नये. कळले, तर शिट्ट्या.

या अठ्ठावीस वर्षांत अण्णांनी हजारो खेळ पाहिले. पण ते उभ्याने, भिंतीतल्या वीतभर काचेतून, मशिनच्या खडखडाटात. आई बाल्कनीत बसून सिनेमा बघायची आणि अण्णा तिच्या डोक्यावरच्या केबिनमध्ये असायचे. “आम्ही दोघांनी शेजारी बसून बघितलेला सिनेमा एकसुद्धा नाही,” असे आई कधीमधी म्हणते. तक्रार म्हणून नव्हे. बाजारात आज मेथी नव्हती, असे सांगावे तसे.

दादाने दीड लाख रुपये बाजूला ठेवले होते. पण त्याच सुमाराला अण्णांच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया दोन वर्षांपूर्वी झाली होती. अण्णा म्हणाले, “आधी मशीन, डोळ्याचं दिवाळीनंतर बघू.” आई म्हणाली, “आधी डोळा.” पैसे एकच. तेव्हा यंत्राच्या आकड्यावर चढणारा प्रत्येक हजार रुपया अण्णांच्या डोळ्यातून जाणार होता. मी कला शाखेचा असूनही घरात इंग्रजी माहितीपत्रके वाचणारा मीच. म्हणून हिशोबाचे काम माझ्याकडे आले.

हिशोब वरवर सोपा होता. फुल एच.डी. चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, म्हणजे एकूण २०,७३,६००. फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४००, बरोबर चौपट. पण जरा खोलात गेल्यावर कळले की एकाच नावाखाली तीन वेगळ्या जाती नांदत आहेत. पहिल्या जातीच्या यंत्रात खरोखरच तितके ठिपके असतात. त्यांची किंमत आमच्या घराच्या आवाक्याबाहेरची. दुसऱ्या जातीत चित्रफलक फुल एच.डी.चाच असतो, पण प्रत्येक ठिपका एका चित्राच्या अवधीत किंचित सरकवून दोनदा किंवा चारदा दाखवतात; डोळा ती गडबड पकडू शकत नाही आणि चित्र अधिक बारीक भासते. तिसरी जात सर्वांत चतुर. तिच्या खोक्यावर ‘फोर-के सपोर्ट’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ एवढाच की फोर-के चित्रपट दिला तर यंत्र तो नाकारणार नाही. दाखवील मात्र आपल्या कुवतीप्रमाणे, फुल एच.डी. किंवा त्याहून कमी. पंगतीला बसलेल्याने ‘वाढा, वाढा’ म्हणावे आणि पोट मात्र दोन पुऱ्यांचे असावे, तसे!

मग मी डोळ्याचा हिशोब केला. धडधाकट माणसाच्या डोळ्याला साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाइतके अंतर वेगळे ओळखता येते. आमच्या माजघराच्या भिंतीवर कर्णाने १०० इंचांचा पडदा बसत होता. त्याची रुंदी सव्वासात फूट. त्यावर फुल एच.डी.चा एक ठिपका १.१५ मिलिमीटरचा होतो, आणि तेरा फुटांपलीकडून तो शेजारच्या ठिपक्यापासून वेगळा दिसत नाही. फोर-केचा पुरेपूर मोबदला घ्यायचा तर पडद्यापासून साडेसहा फुटांवर बसायला हवे. अण्णांची खुर्ची बारा फुटांवर. म्हणजे चौपट ठिपक्यांचा फरक आमच्या घरात दिसलाच तर पुसट दिसणार, आणि तोही धडधाकट डोळ्याला. दादाला मी फोनवर हे सांगितले. तो म्हणाला, “अरे, पण थिएटरात तर फोर-केच असतं ना?” नसते. कित्येक मल्टिप्लेक्सांतले भले मोठे पडदे आजही २०४८ गुणिले १०८० ठिपक्यांवर चालतात, फुल एच.डी.हून जेमतेम जास्त. तिकीट काढून जाणाऱ्यांनी त्याबद्दल शिट्ट्या मारल्याचे ऐकिवात नाही.

एवढे झाल्यावर आम्ही तिघे पुण्याच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने अंधाऱ्या खोलीत आधी आपले आवडते चित्र लावले: समुद्रातले रंगीत मासे, पोपट, फुले. पोपटाचे पीस न् पीस मोजून घ्यावे. दादा हरखला. अण्णा गप्प. मग ते हळूच म्हणाले, “‘कागज के फूल’ आहे का?”

गुरुदत्त यांचा हा चित्रपट १९५९ सालचा. भारतातला पहिला सिनेमास्कोप. छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी आरशांनी ऊन स्टुडिओच्या आत वळवून प्रकाशाचा जो तिरपा झोत निर्माण केला, त्याची गोष्ट अण्णांनी मला लहानपणी सांगितली होती. दुकानदाराने तो शोधून लावला आणि खोलीतल्या दोन यंत्रांवर आळीपाळीने दाखवला. पहिले यंत्र प्रत्येक ठिपका चारदा सरकवणारे, म्हणून कागदावर पुरे फोर-के. दुसरे तीन फलकांचे, दोनदाच सरकवणारे. त्याचे ठिपके ४१,४७,२००, म्हणजे निम्मे. दुकानात दाखवण्यासाठी वापरलेले असल्याने त्याची किंमत पहिल्यापेक्षा पन्नास हजारांनी कमी होती.

सिनेमास्कोपचे चित्र लांबट असते, त्यामुळे आजच्या पडद्यावर त्याच्या वर आणि खाली काळे पट्टे राहतात. अण्णा नटांकडे बघतच नव्हते. त्या पट्ट्यांकडे बघत होते. पहिल्या यंत्रावर ते पट्टे राखाडी होते, चुलीतल्या राखेसारखे. स्टुडिओतला काळोखही तसाच राखाडी, त्यामुळे प्रकाशाचा तो झोत धुक्यात हरवल्यासारखा वाटत होता. दुसऱ्या यंत्रावर पट्टे भिंतीत विरून गेले आणि झोत खणखणीत उतरला. शिवाय पहिल्या यंत्रात रंग एका फिरत्या चक्रातून एकामागून एक पडत असल्यामुळे, नजर पटकन हलवली की पांढऱ्या कडांवर अण्णांना इंद्रधनुष्य चमकल्यासारखे दिसे. मला ते दिसले नाही. काहींना दिसते, काहींना नाही.

दुकानदार म्हणाला, “काका, याची ब्राइटनेस बघा ना.” अण्णा म्हणाले, “उजेड काय, कोणीही टाकेल हो. काळोख कुठून आणणार?”

या एका वाक्यात सगळे शास्त्र आले. प्रोजेक्टर फक्त प्रकाश टाकू शकतो. काळा रंग त्याला टाकताच येत नाही. पडद्यावरचे काळे म्हणजे जिथे यंत्राने हात आवरला ती जागा. यंत्रातून थोडा जरी प्रकाश झिरपला, किंवा खोलीतलाच उजेड पडद्यावर पडला, की काळ्याचे राखाडी होते. मग ठिपके ऐंशी लाख असोत की आठ कोटी. फिल्मच्या काळात टॉकीजच्या पडद्यासाठी दर चौरस फुटाला १६ ल्युमेनच्या आसपास प्रकाश हे प्रमाण मानत. आमचा पडदा तीस चौरस फुटांचा. म्हणजे पुरता अंधार असेल तर पाचशे ल्युमेनही पुष्कळ झाले. जाहिरातींतले हजारो ल्युमेन लागतात ते खिडक्या उघड्या ठेवणाऱ्यांना.

आम्ही दुसरे यंत्र घेतले. वाचलेल्या पन्नास हजारांतून अण्णांचा डावा डोळा दिवाळीच्या आधी झाला.

ठिपके विकत मिळतात, काळोख मात्र घरी करावा लागतो. पांढऱ्या भिंती पडद्यावरचा उजेड परत पडद्यावर फेकतात, म्हणून माजघर काळे रंगवायचा प्रस्ताव मी मांडला. “घराला काय सुतक आहे?” असे म्हणून आईने तो फेटाळला. अखेर छत आणि पडद्याजवळच्या दोन भिंती गडद निळ्या करण्यावर तडजोड झाली, आणि खिडकीला आईनेच जाड पडदे शिवले. रंगांची मांडणी लावताना अण्णांनी एक गंमत सांगितली. मधल्या काळात, एकच डोळा झाला होता तेव्हा, त्यांना एका डोळ्याने पांढरे पांढरे दिसे आणि दुसऱ्याने तेच पिवळट. डोळ्यातले भिंग वयाबरोबर पिवळे होत जाते आणि ते आपल्याला कळत नाही. इतकी वर्षे कुठल्या पिवळ्या काचेतून खेळ चालवले, याचा ते विचार करीत बसले होते.

पहिला चित्रपट आईने निवडला: ‘पिंजरा’, १९७२ सालचा. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’ला २०१५ मध्ये फोर-के जीर्णोद्धाराचे भाग्य लाभले, आपल्या जुन्या मराठी चित्रपटांपैकी फार थोड्यांच्या वाट्याला असे काही आले आहे. आम्हाला मिळालेली प्रत ओरखड्यांनी भरलेली होती. तिच्यापुढे आमचे एकेचाळीस लाख ठिपकेही जास्तच. पण काळोख काळा होता, आणि त्यातून ढोलकी सुरू झाली.

आई आणि अण्णा शेजारी बसले होते. वीसेक मिनिटांनी पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकून गेला. जुन्या प्रतीवरून तो तसाच उतरला होता. मला कळायच्या आत अण्णा खुर्चीतून अर्धे उठले होते. आईने पडद्यावरची नजर न काढता त्यांचा हात धरून खाली ओढला.

“बसा आता,” ती म्हणाली. “पुढचं रीळ त्याचं तो लावेल.”