तारामतीची कमाई

"घरचं सगळं छान चाललंय, मग ही अर्ध्या दिवसाची नोकरी कशाला गं?" शाळेत शिकवायला जाणाऱ्या आमच्यासारख्या बायकांना डोंबिवलीत हा प्रश्न जिन्यात, भाजीवाल्यापाशी, हळदीकुंकवाला, कुठंही गाठतो. विचारणाऱ्या मावशींच्या मनात काही वाईट नसतं. पण एखादीच्या नवऱ्याची नोकरी गेली की त्याच म्हणतात, "करावंच लागतं हो बिचारीला!" म्हणजे बाईनं कमवायला हरकत नाही, फक्त त्याआधी घरावर संकट यायला हवं!

अशा वेळी मला दुर्गाबाई खोटे आठवतात. आपल्यापैकी बहुतेकींना त्या ठाऊक आहेत १९६० च्या 'मुघल-ए-आझम'मधल्या जोधाबाई म्हणून. नवरा आणि मुलगा यांच्या भांडणात होरपळणारी ती आई कोण विसरेल? पण त्यांची खरी कहाणी त्याच्या तीस वर्षं आधी सुरू होते.

१४ जानेवारी १९०५ चा त्यांचा जन्म. माहेर मुंबईच्या लाडांचं, वडील सॉलिसिटर. शिक्षण कॅथीड्रल शाळेत आणि सेंट झेवियर्स कॉलेजात. कॉलेजात असतानाच खोट्यांच्या श्रीमंत घरात लग्न झालं. पुढे सासरची आर्थिक घडी विस्कटली, ऐन तारुण्यात वैधव्यही आलं. पदरी बकुळ आणि हरिन ही दोन मुलं.

१९३१ साली 'फरेबी जाल' नावाच्या चित्रपटात त्यांनी छोटंसं काम केलं. चित्रपट पडला आणि वर दोन्ही घराण्यांना बोल लागला. सिनेमात काम करणं घरंदाज बाईला शोभत नाही, असा तो काळ. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती म्हणून बाई मिळाली नव्हती. अण्णा साळुंके या पुरुषानं लुगडं नेसून ती भूमिका केली. गंमत पाहा, एकोणीस वर्षांनी, १९३२ साली, कोल्हापूरच्या प्रभात कंपनीच्या 'अयोध्येचा राजा'त तीच तारामती केली दुर्गाबाईंनी. आज उपलब्ध असलेला हा सर्वांत जुना मराठी बोलपट. पुराणातली तारामती नवऱ्याच्या वचनापायी विकली गेली. पडद्यावरच्या तारामतीनं मात्र स्वतःच्या कष्टावर मुलं वाढवली.

इथपर्यंतची गोष्ट आपल्या मावशींनाही पटेल. मला आवडते ती पुढची. नाव झालं, पैसा मिळू लागला, तरी दुर्गाबाई थांबल्या नाहीत. एकाच कंपनीला बांधून न घेता कोल्हापूर, कलकत्ता, मुंबई अशी कामं केली. १९३६ च्या 'अमरज्योती'त बायकांवरच्या अन्यायाविरुद्ध उठणारी सौदामिनी झाल्या. १९३७ साली 'साथी' हा चित्रपट स्वतः काढला. अत्र्यांच्या 'पायाची दासी'त सासू रंगवली, रंगभूमीवर 'भाऊबंदकी'तली आनंदीबाई गाजवली. पुढे स्वतःची संस्था उभारून लघुपट आणि जाहिरातपट केले. 'मी, दुर्गा खोटे' हे आत्मचरित्र १९८२ साली, म्हणजे सत्त्याहत्तराव्या वर्षी! १९८३ चा फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. ज्यांना तारामती करायला बाई मिळाली नव्हती, त्या फाळक्यांच्याच नावाचा.

आणि १९८८ साली दूरदर्शनवर आलेली 'वागळे की दुनिया' आठवते ना? साध्या कारकुनाच्या, अगदी आपल्या डोंबिवली-ठाण्यातल्यासारख्या संसाराची ती मालिका दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सचीच. तेव्हा बाई त्र्याऐंशी वर्षांच्या होत्या. १९९१ साली त्या गेल्या.

कामामुळे त्यांची दुःखं टळली, असं मुळीच नाही. मुलगा हरिन ऐन उमेदीत गेला. त्या घावावर कुठलं औषध? पण हातात आपलं काम असलं, तर माणूस उद्या सकाळी उठून उभं राहतं, एवढं खरं.

माझ्या पगारावर काही आमचं घर चालत नाही. मुलांच्या वह्या, थोडी भिशी, माझी चार पुस्तकं, संपला! तरी तो माझा आहे. आणि वर्गात फळ्यापाशी उभी राहिले की मी कुणाची सून नसते, कुणाची आई नसते, 'बाई' असते. ही गरज नाही, असं कोण म्हणेल?

कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयात किंवा ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात गेलात, तर दुर्गाबाईंचं पुस्तक जरूर मागा. वाचून झालं की घरातल्या लेकीच्या, सुनेच्या हाती द्या. त्यांच्यावर संकट येण्याची वाट कशाला पाहायची?