मुक्काम आधी ठरवावा की वाटेत शोधावा?

कोजागिरी सरली की आमच्या वस्तीत गाडीच्या वर्गणीची बोलणी सुरू होतात. पाऊस थांबलेला असतो, डोंगर अजून हिरवे असतात, मुलांना सुटी असते आणि ज्यांना बोनस मिळतो त्यांच्या हातात चार पैसे खेळत असतात. दोन-तीन घरे मिळून एक गाडी ठरवतात आणि वेरूळ-अजिंठ्याचा बेत होतो. भाडे किती, पुढच्या सीटवर कोण बसणार, चटणी-भाकरीचा डबा कोणी करायचा, हे सारे अर्ध्या तासात मिटते. वाद पेटतो तो एकाच गोष्टीवर. रात्रीच्या खोल्या आधी ठरवायच्या, की तिथे गेल्यावर बघायच्या?

मी एका पतसंस्थेत लिपिक आहे. वस्तीतल्या सहलींचा जमाखर्च गेली पंधरा वर्षे माझ्याकडेच असतो, त्यामुळे हा वाद मी नको तितका ऐकला आहे. ‘जाऊ तिथे सोय होईल’ म्हणणाऱ्यांना मी वेडे समजत नाही. आपल्या आज्या-आजोबांनी भाकरीचे गाठोडे डोक्यावर घेऊन नागपूर गाठले, तेव्हा कोणत्या लॉजला फोन केला होता? आजही 6 डिसेंबरला दादरला जाणारा माणूस मुक्कामाची चिंता करीत नाही. शिवाजी पार्कच्या मंडपात सतरंजी टाकली की झाले. दीक्षाभूमीलाही तेच. तिथे आपण पाहुणे नसतो, घरचेच असतो. पण सहल म्हणजे चैत्यभूमी नव्हे. सहलीच्या गावात आपल्याला कोणी ओळखत नाही. आणि कधी कधी ओळखले जाणे हाच त्रास असतो.

याबाबत बाबासाहेबांचेच उदाहरण आहे आणि तेही याच रस्त्यावरचे. 1934 साली चळवळीतील सहकाऱ्यांनी वेरूळची लेणी पाहण्याची इच्छा व्यक्त केली. बाबासाहेब नाशिकला गेले, मंडळी तिथे त्यांना मिळाली आणि सारे बसने औरंगाबादच्या दिशेने निघाले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत त्यांनी लिहून ठेवले आहे की, वाटेत त्रास नको म्हणून आपली ओळख द्यायची नाही असे ठरले होते. जिथे मुक्काम ठरलेला, तेवढ्याच ठिकाणच्या आपल्या लोकांना आगाऊ निरोप दिला होता. बाकी गावे न थांबता मागे टाकली. म्हणजे ज्याला आज आपण बुकिंग म्हणतो, ते त्या मंडळींनी नव्वद वर्षांपूर्वीच केले होते. चैनीसाठी नव्हे, अपमान टाळण्यासाठी. तरीही दौलताबादच्या किल्ल्यापाशी हौदाच्या पाण्याने प्रवासाची धूळ धुतली म्हणून जो गहजब झाला, तो आपल्या घरांतल्या बहुतेकांना माहीत आहे.

त्याच पुस्तकात त्याआधीची बडोद्याची हकीकत आहे. 1917 साली परदेशातून शिकून आलेले बाबासाहेब नोकरीसाठी बडोद्यास उतरले, ते राहायचे कुठे या प्रश्नासह. हिंदू हॉटेलात जागा मिळणार नाही हे ठाऊक होते. शेवटी पारशी पथिकाश्रमात, वहीत पारशी नाव लिहून, दिवसाला दीड रुपया देऊन ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसे दारात उभी राहिली. त्या दिवशीचे पाच तास त्यांनी कामाठी बागेत काढले आणि रात्री नऊच्या गाडीने मुंबई गाठली. ही हकीकत मी युवकांच्या शिबिरांत अनेकदा सांगितली आहे. पण 2025 च्या दिवाळीत ती माझ्याच घरच्या ओट्यावर येऊन बसली, ती कशी ते सांगतो.

आई त्र्याहत्तर वर्षांची. वेरूळ-अजिंठा तिने फक्त कॅलेंडरवर पाहिलेला. गुडघे अजून साथ देतात तोवर नेऊन आणू, असे ठरले. आम्ही पाच आणि मेहुण्यांच्या घरचे तिघे, अशी आठ माणसे; नववे चालक बंधू. मेहुणे ‘जाऊ तिथे सोय होईल’ पक्षाचे जुने सभासद. म्हणाले, “दाजी, आता समृद्धी झालाय. सकाळी निघालो की दुपारी औरंगाबादेत. खोली कशाला अडकवून ठेवायची?”

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला, हे खरे. आमच्या कल्याणच्या बाजूच्या लोकांना तो रस्ता आता अंगणातून गेल्यासारखा आहे. पण मी मेहुण्यांना म्हटले, रस्ता आपल्या एकट्यासाठी झाला आहे काय? आपण दुपारी पोहोचू, तसे मुंबई-ठाण्याचे सगळेच पोहोचतील. औरंगाबादेतल्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातल्या खोल्या काही रस्त्याबरोबर वाढलेल्या नाहीत.

मग मी जमाखर्च मांडला. दोन खोल्या, दोन रात्री, खोलीला सोळाशे. आगाऊ रक्कम दोन हजार. बेत फसला आणि सगळे बुडाले तरी माणशी अडीचशे. उलट बाजूला 2018 चे उदाहरण आमच्याच गल्लीतले. ती मंडळी दिवाळीच्या पाडव्याला न ठरवता गेली, रात्री साडेअकरापर्यंत सामान आणि झोपलेली मुले घेऊन फिरली आणि दीड हजाराची खोली अठ्ठावीसशेला घेतली. अशा तीन खोल्या. एका रात्रीचे एकोणचाळीसशे जादा! गरजवंताला अक्कल नसते, हे रात्री अकरा वाजता लॉजच्या दारात जितके पटते तितके दुसरीकडे कुठेच पटत नाही. शिवाय भाड्याची गाडी किलोमीटरवर चालते, खोली शोधत फिरलेला प्रत्येक चौक बिलात येतो.

सौ. म्हणाली, “अहो, पैशाचं राहू द्या. आईंना रात्री रस्त्यावर बसवायचं का, एवढंच ठरवा.” तिथे मेहुणे गप्प झाले.

मी फोन करायला बसलो. पहिल्याच ठिकाणी भाव ठरला, गरम पाणी सकाळी सहा ते नऊ, गाडी आवारात, सारे ठरले. मग पलीकडून विचारले, “पूर्ण नाव?” मी आडनावासकट सांगितले. “एक मिनिट हं.” मिनिटाने आवाज आला, “साहेब, खोल्या फुल आहेत.” लॉजचे नाव मी इथे लिहीत नाही, कारण माझ्याजवळ पुरावा नाही. कदाचित त्या एका मिनिटात खरोखरच दोन खोल्या गेल्या असतील! मात्र अर्ध्या तासाने आमच्या कार्यालयातील एका सहकाऱ्याने, ज्याचे आडनाव ऐकून कोणाला वही उघडावी लागत नाही, तिथेच फोन केला, तेव्हा दोन खोल्या होत्या.

तो सहकारी भला माणूस आहे. म्हणाला, “माझ्या नावाने करून टाकतो. तुम्ही जाऊन राहा.” मी लगेच उत्तर दिले नाही. समोर आई बसली होती, तांदूळ निवडत. तिला लिहिता-वाचता बेताचेच येते, पण बडोद्याची हकीकत तिने विहारात ऐकलेली आहे. मान वर न करता म्हणाली, “खोली भाड्यानं घ्यायची, नाव नाही.”

घटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले सर्वांना खुली आहेत असे स्पष्ट लिहिले आहे. 1955 च्या कायद्याने, ज्याला आपण आज नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतो, हॉटेलात किंवा धर्मशाळेत अस्पृश्यतेच्या कारणावरून मज्जाव करणे हा गुन्हा ठरतो. पण ‘फुल आहे’ या दोन शब्दांपुढे कलम चालवायचे कसे? त्यासाठी पुरावा लागतो आणि तो गोळा करायला वेळ लागतो. घरी खुर्चीवर बसलेल्या माणसाजवळ तो वेळ असतो. परगावी, रात्री, मुले रडत असताना नसतो. माझ्या मते आधी मुक्काम ठरवण्याचे सर्वांत मोठे कारण हेच. नकार यायचाच असेल तर तो घरी यावा, भरदिवसा यावा, म्हणजे दुसरा फोन लावता येतो. आईसमोर, दारात, सामान खाली उतरवल्यावर येऊ नये.

दुसऱ्या ठिकाणी आमच्याच नावाने खोल्या मिळाल्या. नाव विचारले, सांगितले, लिहून घेतले. पैसे पाठवल्याची पावती मी छापून घेतली. मोबाइलवर दिसते ते खरे, पण ऐन वेळी बॅटरी संपते. कागद संपत नाही. खोली रद्द केली तर पैसे परत मिळतात की नाही, किती तारखेपर्यंत मिळतात, हेही आधीच विचारावे. यात लाजण्यासारखे काही नाही. आपले पैसे घामाचे असतात.

चालकाच्या झोपण्याचेही मी आधी विचारले. आपल्यातली कितीतरी माणसे टॅक्सी, टेम्पो, रुग्णवाहिका चालवतात, आणि तरीही सहलीला गेलो की चालक गाडीतच पाय मुडपून झोपेल असे आपण धरून चालतो. 1 जुलै 2023 च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर खासगी बस उलटून पेटली आणि 25 जणांचा कोळसा झाला, हे विसरू नये. सरळ, गुळगुळीत रस्त्यावर जागे राहायला झोप झालेली असावी लागते. चालकाच्या गादीचे तीनशे रुपये मी भाड्याच्याच खात्यात धरले.

वारांचा मेळ घालणेही मुक्कामाशीच जोडलेले आहे. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. भाऊबीज गुरुवारी होती. आम्ही शुक्रवारी, 24 ऑक्टोबरला निघालो. शनिवारी दौलताबाद आणि वेरूळ, रविवारी अजिंठा. वेरूळ शहरापासून तीसेक किलोमीटर, अजिंठा शंभराच्या घरात, वेगवेगळ्या दिशांना. दोन्ही एका दिवसात उरकू म्हणणारे दोन्हीकडे फक्त वाहनतळ पाहून येतात.

लॉजच्या काउंटरवरील मुलाने आईचे आधार कार्ड घेतले, मोठ्याने नाव वाचत वहीत उतरवले आणि किल्ल्या पुढे सरकवल्या. आयुष्यात पहिल्यांदाच ती लॉजवर राहत होती. खोलीत शिरताच तिने पलंगावरची चादर उचलून उजेडात धरली, वास घेतला, घडी करून खुर्चीवर ठेवली आणि पिशवीतून स्वतःची काढली. रात्री शांत झोपली. त्या झोपेमुळेच वेरूळला ती बाराव्या लेण्याचे तीनही मजले चढली.

अजिंठ्याला आपली गाडी चार किलोमीटर अलीकडेच थांबवावी लागते, पुढे बस. पायऱ्या पाहून मेहुणे डोलीवाल्याला विचारायला गेले, पण आईने काठी पुढे केली. सव्विसावे लेणे अगदी टोकाला. तिथली महापरिनिर्वाणाची, सात मीटरच्या आसपास लांबीची मूर्ती पाहून ती खाली बसली. आम्ही घाई केली नाही. घाई करण्यासारखे काही नव्हतेही, कारण तिसरी रात्र आम्ही मुद्दामच मोकळी ठेवली होती. तो आग्रह मेहुण्यांचा आणि त्याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. खोली पक्की असती तर संध्याकाळी पाचच्या आत पळत सुटलो असतो. सिल्लोडच्या बाजूला चळवळीतले एक स्नेही राहतात. त्यांना दुपारीच विचारले होते. पोहोचलो तेव्हा चुलीवर पिठले शिजत होते. आई त्यांच्या आईशी मध्यरात्रीपर्यंत बोलत बसली, दोघींनाही झोप नको होती. असा मुक्काम पैसे भरून ठरवता येत नाही. पण आठ माणसे घेऊन न सांगता एखाद्याच्या दारात उभे राहणेही बरे नव्हे. त्या घरातही खाटा मोजक्याच असतात.

यंदा मेहुण्यांच्या मनात कार्ले-भाजे आहे. लोणावळा जवळ म्हणून गर्दी अधिक, शनिवार-रविवारचे भाव चढे, तेव्हा मधल्या वारी जायचे ठरते आहे. परवा ते स्वतःच फोन करीत होते. पलीकडून काही विचारले असावे. मेहुण्यांनी आडनाव सांगितले, मग अक्षर न् अक्षर सुटे करून पुन्हा सांगितले, आणि लिहून घ्या म्हणाले.