बारवेचे अकरा गुंठे

तुमच्याही सातबाऱ्यावर असा एखादा तुकडा असेल, ज्यात पीक येत नाही आणि जो विकवतही नाही. आमचा अकरा गुंठ्यांचा आहे. निफाड तालुक्यातल्या आमच्या मळ्यात काळ्या दगडाची जुनी बारव आहे. आत दोन देवळ्या, वर मोटेची थारोळी. पायऱ्या बेचाळीस आहेत असे वडील सांगत. मला मात्र कधी चौदाच्या पुढे दिसल्या नाहीत, बाकी गाळात. १९७२ च्या दुष्काळात निम्म्या गावाने हिचे पाणी शेंदले. आता पिंपळाच्या मुळ्या दगड उचकटताहेत.

ग्रामपंचायत म्हणते, जागा विकत द्या, आम्ही जतन करू.

धाकटा भाऊ म्हणतो, बुजवून टाकू, द्राक्षाच्या पॅकिंगला शेड होईल. मधल्याला पंचायतीचा पैसा बरा वाटतो; सोसायटीचे कर्ज त्याच्याच नावावर आहे, त्याला तरी काय बोलावे? मी थोरला, म्हणून सगळे माझ्याकडे बघतात.

मला राहून राहून पुण्याचा भिडेवाडा आठवतो. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली ती तिथे. वाडा स्मारकासाठी घ्यावा असा ठराव पुणे महापालिकेने २००६ मध्ये केला. भाडेकरू कोर्टात गेले. खटला पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये महापालिकेच्या बाजूने निकाली निघाला. पुढच्याच महिन्यात मोडकळीला आलेला वाडा पाडला. स्मारक व्हायचे ते नव्या बांधणीचे. मी भाडेकरूंना नावे ठेवत नाही. ज्याचे पोट जागेवर, तो भांडणारच. पण सतरा वर्षे भिंतींनी कशी काढावीत?

उलट बाजूही डोळ्यांसमोर आहे. नाशकात तपोवनाकडे साधुग्रामाच्या आरक्षणाखालची शेते आहेत. सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, शेतकऱ्याचा संसार मात्र रोजचा. सरकारी कागदावर आपल्या जमिनीचे नाव चढले की निर्णय आपल्या हातात राहत नाही, ही धास्ती खोटी नाही.

मग एका वकिलांना विचारले. ते म्हणाले, १९६० च्या राज्याच्या पुरातन वास्तूंच्या कायद्यात संरक्षित वास्तूसाठी मालकाशी करार करायचीही सोय आहे. दरवेळी विकावेच लागते असे नाही. पण आधी सरकारने वास्तू संरक्षित ठरवली पाहिजे. तेवढा दम पिंपळाला आहे का?

विकायचे तर सह्या सगळ्यांच्या हव्यात, बहिणींच्याही. २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. सिन्नरला दिलेली आमची अक्का आली, बारवेच्या काठावर बसली. म्हणाली, “दादा, पैशाचं मागाहून बघू. दरसाल गाळ कोण काढणार, ते आधी कागदावर लिहून घे. मग मी अंगठा म्हणशील तिथे देते.” अक्का सातवी शिकलेली आहे, सही झोकात करते, पण रागावली की अंगठ्याचीच भाषा.

तिचा प्रश्न मी ग्रामसभेत विचारला. सभा जरा गप्प झाली. ग्रामसेवकांनी तो लिहून घेतला, उत्तर पुढच्या सभेत मिळायचे आहे.

मधल्या रविवारी आम्ही तिघे भाऊ आणि पोरे घमेली घेऊन उतरलो. शेडवाला धाकटाच सगळ्यांत खाली उभा होता. संध्याकाळपर्यंत सतरावी पायरी लागली.