तितर, फासे आणि वर्णनात्मक नोंद



अमेरिकेत वडील लहान मुलांना टर्कीच्या शिकारीला नेतात. तिथल्या अनेक राज्यांत मुलांसाठी वेगळे दिवस राखून ठेवलेले असतात, फक्त सोबत मोठं माणूस हवं. गप्प कसं बसायचं, टर्कीचा आवाज कसा काढायचा, हे मुलाला आधी शिकवतात. पहिली शिकार झाली की कौतुकाने फोटो काढतात.

आता आपल्या शिरूर-दौंडच्या माळावर या. फासेपारधी समाजातही बाप मुलाला असंच शिकवत आला. पक्षी तितर, म्हणजे टर्कीच्याच कुळातला. फोटो मात्र इथे पोलिसांनीच काढले. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि पुढे पारध्यांसारख्या जमातींवर जन्मतःच शिक्का बसला. १९५२ मध्ये कायदा गेला, शिक्का राहिला. "आमच्या पोराला त्याच्याशेजारी बसवू नका," असं सांगणारे पालक मला आजही भेटतात.

माझ्या तिसरीच्या वर्गात पालावरचा एक मुलगा आहे. मराठी वाचताना अडखळतो, कारण त्याची घरची बोली गुजरातीच्या जवळची आहे. परिसर अभ्यासाच्या तासाला पक्ष्यांचा पाठ निघाला आणि हा बोलायला लागला. तितर घरटं झाडावर नाही, जमिनीवर करतो. रात्री झोपायला मात्र बाभळीवर चढतो. पिल्लू अंड्यातून निघालं की लगेच पळतं. वाळवी फार आवडते. धुळीत लोळलेली जागा दिसली की समजायचं, जवळपास आहे. मग त्याने तोंडाने "क-तीतर, क-तीतर" असा आवाज काढला. वर्ग आधी हसला, मग चिडीचूप झाला. यातलं निम्मं पाठ्यपुस्तकात नाही, आणि डी.एड.ला मलाही कुणी शिकवलं नव्हतं.

एका मुलीने विचारलं, "फासा कसा लावतात रे?" तो लगेच गप्प. म्हणाला, "ते सांगायचं नसतं." आठ वर्षांच्या मुलाला आपलं ज्ञान लपवायला शिकावं लागतं, हे मला फार लागलं.

मल्होत्रा, खोमणे आणि गाडगीळ यांनी १९८३ मध्ये महाराष्ट्रातल्या तीन भटक्या समाजांच्या शिकारीवर अभ्यास प्रसिद्ध केला. नंदीवाले कुत्र्यांच्या मदतीने डुकरं, साळिंदर धरायचे. वैदू मुंगूस, रानमांजर असे छोटे प्राणी. फासेपारधी फाशांनी काळवीट, तितर, लावा. एकाच माळावर तिघांची वाटणी! फाशात गाभण हरणी किंवा पाडस सापडलं तर सोडून द्यायची रीतही फासेपारध्यांत होती. लहानपणी मुलाला तीही शिकवली जायची, हे आपण विसरतो.

म्हणून शाळेत शिकार शिकवायची का? अजिबात नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, आणि ती हवीच. पण माळ ऊस, कालवे आणि एमआयडीसीत गेला, त्याचा हिशोब कोणी पारध्यांकडेच मागू नये. (उसात आता बिबट्या असतो, त्यामुळे मुलांना पहाटे पक्षी ऐकायला न्यायचं तर पालक सोबत हवेतच.)

आम्ही एक केलं. त्याने सांगितलेलं सगळं मुलांनी तक्त्यावर लिहिलं, पायांचे ठसे त्याने काढले, खाली त्याचं नाव टाकलं. दोन दिवसांनी त्याचे वडील फाटकाशी येऊन उभे राहिले. आत यायला तयार नव्हते. "बाई, तेवढं नाव काढा. उद्या कुणी दाखवलं तर?" मी नाव काढलं. चित्र अजून भिंतीवर आहे.

प्रगतिपत्रकात 'आवड व छंद' या रकान्यात मी लिहिलं, 'पक्ष्यांचे बारकाईने निरीक्षण करतो.' सही करण्याआधी वडिलांनी ते मुलाकडून दोनदा वाचून घेतलं. त्यात 'शिकार' शब्द नाही ना, एवढंच विचारलं.